सोमवारची फुंकणी

शिवलीला कोनापुरेच्या स्वयंपाकघरात देवाच्या फळीशेजारी सरकारने एक यंत्र बसवलं होतं. त्याचं कागदावरचं नाव ‘गृहश्वास शर्करामापक’ असं तोंडात न मावणारं होतं, पण सोलापुरात आलेल्या नव्या वस्तूचं बारसं लोक आपल्या हाताने पुन्हा करतात. भिंतीवर पांढरी डबी, डबीतून निघालेली आखूड नळी, नळीला तोंड लावून जोरात फुंकायचं. चुलीपुढे बसून बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या होत्या, तेव्हा यंत्राचं नाव पडलं फुंकणी. दर सोमवारी सकाळी, उपाशीपोटी, घरातल्या प्रत्येकाने फुंकायचं आणि डबीवरचा दिवा कोणत्या रंगाचा होतो ते बघायचं. हिरवा झाला की शिवलीला देवापुढे उदबत्ती लावायची. गेल्या काही महिन्यांत उदबत्तीचा पुडा तसाच पडून होता.

हे सगळं सुरू झालं होतं चांगल्या हेतूने, एवढं आधीच सांगितलेलं बरं. पहिला कर बसला तो बाटलीवर. रंगीत, फसफसती, गोड पेयं एकदम महागली आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कल्लप्पाच्या दुकानातला फ्रीज ओस पडला. कल्लप्पा महिनाभर कुरकुरला, मग त्याने फ्रीजमध्ये ताक भरलं. दोन-तीन वर्षांत पोरांचे किडके दात कमी झाले, तिशीतल्या माणसांना होणारी शुगर कमी झाली, आणि ज्या घरांत दवाखान्याच्या पायी महिनाअखेर हात पसरावा लागायचा तिथे चार पैसे शिल्लक पडू लागले. करातून जमलेल्या पैशाने गरिबांना औषधं मिळू लागली. आता इतकं झाल्यावर थांबायचं. पण ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे शहाणपण सरकारदरबारी टिकत नाही. लोकांनीही काही कमी केलं नाही. बाटली महाग झाली तर घरोघर पाकाची सरबतं होऊ लागली, कॅनमधून सुटं गोड पाणी विकलं जाऊ लागलं, त्याला ना लेबल ना कर. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की कर बाटलीवर नको, पिणाऱ्याच्या अंगावरच लावू.

ते कसं करणार, हे सांगायला आरोग्य केंद्राच्या डॉक्टर अन्विता रणदिवे वॉर्डाच्या सभेला आल्या होत्या. बाई चटपटीत, सरळ, समजावून सांगायची हौस असलेली. त्यांनी सांगितलं ते असं. हवेतला कार्बन दोन प्रकारचा असतो, हलका आणि किंचित जड. जड फार थोडा, शंभरात एखादा. गहू, तांदूळ, डाळी, भाजीपाला ही मंडळी हवेतून कार्बन घेताना जड कण बरेचसे मागे सारतात. उसाची अन्न तयार करायची रीत निराळी आहे, त्यात जड कार्बन थोडा जास्त शिरतो. त्याने अपाय काहीच नाही, पण ती उसाची खूण असते आणि ती पुसता येत नाही. साखर चहात घाला, सरबतात घाला, नाहीतर केकमध्ये लपवा, अंगात ती जळते आणि श्वासावाटे बाहेर पडते तेव्हा खूण बरोबर घेऊनच पडते. सकाळी उपाशीपोटी फुंकलं की गेल्या काही दिवसांत अंगात जे मुरलं त्याचा माग लागतो, आणि नुकतंच काही गोड खाल्लं असेल तर तो ठसठशीत लागतो. त्यावरून घराचा एक आकडा निघतो, त्याचं नाव गोडांक. सभेत टाळ्या पडल्या. शिवलीलानेही वाजवल्या, कारण तिची चौदा वर्षांची रुद्राणी त्या योजनेवर जगत होती.

हे शब्दशः खरं होतं. रुद्राणीला सातव्या वर्षी मधुमेह झाला, गोड खाल्ल्याने होतो तो नव्हे. तिच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नव्हतं. रोज सुई टोचायची, नाहीतर लेकरू हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि सुई जरा जास्त झाली की उलटी पंचाईत. रक्तातली साखर झपाट्याने उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, आणि तेव्हा तोंडात लगेच साखर पडली नाही तर पोर बेशुद्ध होते. म्हणून तिच्या दंडावर नाण्याएवढा एक सेन्सर चिकटवलेला असे. साखर उतरू लागली की तो वाजायचा. हिरव्या घराला इन्शुलिन आणि सेन्सर जवळजवळ फुकट. पिवळ्या घराचा सेन्सर बंद. लाल घराला इन्शुलिनही पुऱ्या भावाने, आणि वर वीजबिलात गोडकर. ज्या घरात शुगरचं पोर आहे तेच घर गोड खात असेल तर सवलत कशाला द्यायची, असा त्यामागचा विचार होता. ऐकायला तो चुकीचा वाटत नसे.

दुकानांतही बंदोबस्त झाला होता. गोड माल सगळा काचेच्या कपाटात, त्याला कुलूप. घराचं कार्ड लावलं की कुलूप उघडायचं. लाल घराचं कार्ड असेल तर आधी वीस मिनिटं थांबावं लागे आणि पडद्यावर ‘थोडा विचार करा’ अशी अक्षरं हलत राहत. तेवढ्या वेळात माणसाची गोडाची तल्लफ ओसरते, असं कोणा तज्ज्ञाचं म्हणणं होतं.

शिवलीलाचा धंदा कडक भाकरीचा. ज्वारीचं पीठ, कागदासारखी पातळ थापलेली, निखाऱ्याच्या धगीला वाळवून खडखडीत केलेली भाकरी महिना-महिना टिकते. तिचा नवरा मल्लिनाथ भाकरी आणि शेंगाचटणीची खोकी टेम्पोतून पुण्यापर्यंत पोचवायचा. या धंद्यात एक रीत आहे. अख्खी भाकरी गिऱ्हाइकाची, तुटलेली घराची. थापताना, उचलताना, खोक्यात भरताना भाकऱ्या तुटतातच. ते तुकडे पिठाच्या रिकाम्या डब्यात जमा होत आणि सकाळ-संध्याकाळ आमटीत, ताकात भिजवून घरात खाल्ले जात. तुकड्यांना कोणी जेवण म्हणत नसे. आणि आपण तुकडे खातो हे चार लोकांत सांगायचं नाही, असं सासूने लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिवलीलाला बजावलं होतं. भाकरी विकणारी स्वतः उरलंसुरलं खाते म्हटल्यावर गिऱ्हाइकाच्या नजरेत तिची काय किंमत राहणार? सासू गेली, पण तिचा शब्द घरात होता तसाच राहिला.

फुंकणी बसवायच्या आधी केंद्राची एक मुलगी घरी चौकशीला आली होती. परीटघडीचा कुर्ता, हातात टॅबलेट. कोण काय खातं, चहा किती, भात किती, असं विचारता विचारता तिने भाकरीचंही विचारलं. शिवलीलाने तिच्यापुढे मुद्दाम चपातीची थाळी ठेवली होती.

“भाकरी होय? कधीतरी, चव म्हणून. एरवी आम्ही चपाती-भातवाली माणसं.”

झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलीने मान डोलावली, टॅबलेटवर बोट टेकवलं, चपाती छान झाली म्हणाली आणि गेली. शिवलीला तो प्रश्न संध्याकाळपर्यंत विसरलीही.

पहिले काही आठवडे दिवा कसाबसा हिरवा राहिला, मग एका सोमवारी पिवळा झाला. शिवलीलाला वाटलं, यंत्राची काहीतरी गफलत असेल. तिने केंद्राला फोन लावला. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं की यंत्र तपासलेलं आहे, तेव्हा घरात कोण काय पितं तेच एकदा तपासून बघा. कोणाचा श्वास किती हे मात्र ते सांगायला तयार नव्हते. घरातल्या घरात भांडणं नकोत म्हणून यंत्र फक्त घराचा एकत्र आकडा द्यायचं. ज्याने कोणी हे ठरवलं त्याचं अजून लग्न झालं नसावं. एक आकडा आणि तीन माणसं म्हटल्यावर प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बघू लागतो.

पिवळा दिवा लागला त्याच आठवड्यात रुद्राणीच्या दंडावरचा सेन्सर बंद पडला. शिवलीलाने घरातली साखर शेजारणीला देऊन टाकली. गुळाची ढेप गेली, शेंगदाण्याचे लाडू गेले, चहा बिनसाखरेचा झाला. रुद्राणीच्या शाळेच्या दप्तरात डॉक्टरांनी ठेवायला सांगितलेली ग्लुकोजची पुडी तेवढी राहिली. भात आणि चपातीही तिने कमी केली, कारण शुगरच्या माणसाला भाकरी चांगली असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. डबा तुकड्यांनी भरलेला होताच. घर तिन्ही त्रिकाळ भाकरीवर आलं, आणि पुढच्या सोमवारी आकडा आणखी चढला.

आता मात्र तिला भीती वाटायला लागली. ही भीती दिवसभर अंगात राहायची, पीठ तिंबताना, भाकरी थापताना, खोकी भरताना. आपण सगळं गोड बंद केलं तरी आकडा चढतो, याचा अर्थ घरात कोणीतरी चोरून गोड पितंय आणि रुद्राणीच्या सुईवर उठलंय. तिने आधी मल्लिनाथला धरलं. तो दिवसभर बाहेर, टेम्पोवाल्यांच्या घोळक्यात, त्याचा काय भरवसा. मल्लिनाथने कबूल केलं की मागे एकदा टेंभुर्णीला उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून एक गोड सोडा घेतला होता. खरं बोलल्याचा त्याला पश्चात्तापच झाला. तेव्हापासून तो घरी आला की शिवलीला आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वीस वर्षांचा संसार, आणि नवरा उंबऱ्यात उभा राहून बायकोपुढे आ करतोय. पहिल्यांदा दोघंही हसली. नंतर हसणं बंद झालं.

मग ती कल्लप्पाच्या दुकानात गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाली की तू माझ्या पोरीला मागच्या दाराने सरबत पाजतोस. कल्लप्पा वयाने मोठा, सगळ्या गल्लीचा अण्णा. त्याने सिद्धरामेश्वराची आण घेतली की पोरीला आपण कधी गोडाचा थेंब दिला नाही. शिवलीलाने विश्वास ठेवला नाही, आणि घरी येऊन रुद्राणीचं दप्तर जमिनीवर पालथं केलं.

कंपासपेटीत, वहीच्या पुठ्ठ्यात, पाण्याच्या बाटलीच्या खोळीत, सगळीकडे गोळ्यांचे चुरगाळलेले कागद निघाले. संत्र्याच्या गोळ्या, चिंचेच्या गोळ्या, मैत्रिणींकडून मागून घेतलेली लिमलेटं. ग्लुकोजची पुडी रिकामी होती.

रुद्राणी दारात उभी होती. तिचा चेहरा सापडलेल्या चोरासारखा नव्हता, फक्त खूप दमलेला होता. तिने सांगितलं की हल्ली शाळेत रोजच शुगर उतरते, सेन्सर नाही म्हणून आधी कळत नाही, एकदम हातपाय गार पडतात. पुडी लवकर संपली. घरी सांगितलं तर तू आणखी घाबरशील म्हणून बोलले नाही.

त्या वेळी शिवलीलाने पोरीला जवळ घेतलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तिच्या हातात ते कागद होते, आणि इतके दिवस ज्या चोराला ती शोधत होती तो तिला सापडला होता. रोज साखर कशी उतरेल? गोळ्या खायला बहाणा आहे हा.

“एवढं सगळं तूच खाल्लंस आणि मी तुझ्या बापावर आळ घेतला,” ती म्हणाली. “आता ऐकून ठेव. दिवा लाल झाला तर तुझी सुई मी आणायची कुठून? सोमवारी फुंकेपर्यंत तोंडात काही गोड गेलं तर तूच स्वतःच्या जिवावर उठलीस असं समज.”

रुद्राणीने कागद गोळा केले, केराच्या डब्यात टाकले आणि दप्तर परत भरलं. मुलगी ऐकण्यातली होती, हेच पुढे नडलं.

त्याच सोमवारी दिवा लाल झाला. इन्शुलिन पुऱ्या भावाने आणायची पाळी आली. मल्लिनाथने टेम्पोच्या दुरुस्तीला ठेवलेले पैसे काढले, पुढच्या महिन्याला शिवलीलाने कानातलं मोडलं. भाकरीच्या धंद्यात जे मिळायचं ते औषधात आणि गोडकरात जाऊ लागलं. सेन्सर नको पण सुईचा भाव तरी उतरवा, असा अर्ज मल्लिनाथने केला, त्याचं उत्तर आलं की घराने गोड सोडल्यास सवलत आपोआप चालू होईल. शिवलीला पोरीला डोळ्यांसमोरून हलू देईना. शाळेच्या डब्यात तुकडे, जेवणात तुकडे, मध्ये भूक लागली तर तुकडे. सुईचा हिशेब मात्र जुनाच होता, भातावर बसवलेला. भाकरीने साखर सावकाश चढते, भाताइतकी चढतही नाही, त्यामुळे तेवढीच सुई आता पोरीला जड जात होती. हे विचारायला डॉक्टरांकडे जायचं म्हणजे त्यांची फी, आणि लाल घराला तीही पुरी होती. शिवलीलाने मनाशी ठरवलं, दिवा हिरवा झाला की जाऊ.

मग तो सोमवार आला. सकाळचं ऊन चांगलं वर आलं होतं. मल्लिनाथ फुंकून पहाटेच टेम्पो घेऊन गेला होता, शिवलीलाने फुंकलं होतं, रुद्राणी राहिली होती. शिवलीला परसात चुलीजवळ बसून पहिला घाणा काढत होती. तिने दोनदा हाक मारली, उत्तर आलं नाही. शाळेच्या नावाने टंगळमंगळ चाललीय असं समजून ती पिठाच्या हाताने आत आली.

रुद्राणी फुंकणीखाली भिंतीला पाठ लावून बसली होती. केस घामाने कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे, डोळे उघडे पण कुठेतरी भलतीकडेच. नळी हातात होती आणि हात लटपटत होता. तोंडापर्यंत नेई आणि नेम चुके.

शिवलीलाला काय झालंय ते क्षणात कळलं. सात वर्षं ती या एका गोष्टीला भीत होती. तिने फळीवरचा डबा ओढला, रिकामा. दुसरा ओढला, रिकामा. साखर, गूळ, मध, काही काही नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने घर धुऊन पुसून गोडापासून स्वच्छ केलं होतं. दप्तरातली ग्लुकोजची पुडीही रिकामी झाल्यावर तिने मुद्दाम आणली नव्हती. ती शेजारच्या दारी धावली, तिथे कुलूप. पुढच्या घरात म्हातारी एकटी होती, तिने हात हलवून दाखवलं, सोमवारच्या भीतीने त्यांच्याकडेही साखर येत नव्हती. शिवलीला अनवाणी कल्लप्पाच्या दुकानात शिरली आणि काचेच्या कपाटाला कार्ड लावलं. पडद्यावर शब्द हलू लागले. थोडा विचार करा.

तिने काचेवर मूठ मारली. काच फुटणाऱ्यातली नव्हती. कल्लप्पाने तिच्या हाताला लागलेलं पीठ बघितलं, तोंड बघितलं आणि काही न विचारता गल्ल्याखालून आपल्या घराचं कार्ड काढून लावलं. लाल घरासाठी दुसऱ्याने कपाट उघडलं तर परवाना जातो, हे दुकानातला पडदा रोज सांगत असे. कुलूप खटकन उघडलं. त्याने संत्र्याच्या रंगाची एक बाटली काढून तिच्या हातात दिली.

“पोरीला कधी दिलं नव्हतं, वहिनी,” तो म्हणाला. “आज देतो. पळा.”

शिवलीला पळाली. रुद्राणी आता एका कुशीवर कलली होती. शिवलीलाने तिचं डोकं मांडीवर घेतलं, झाकण दाताने उघडलं आणि बाटली ओठांना लावली. रुद्राणीने दात घट्ट आवळले. रंगीत पाणी हनुवटीवरून ओघळलं.

“उघड बाळा. पी.”

“फुंकायचंय अजून,” रुद्राणी दातांमधूनच म्हणाली. जीभ जड झाली होती. “सोमवार आहे. लाल होईल. तू म्हणलीस.”

शिवलीलाने तिचे जबडे बोटांनी ओढले, उघडेनात. चौदा वर्षांच्या पोरीच्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती, पण तोंड मिटून ठेवायची होती. आईने सांगितलेलं तेवढं एकच त्या डोक्यात शिल्लक राहिलं होतं. शिवलीलाने बाटलीत बोट बुडवलं, गालाच्या आत सरकवलं आणि हिरड्यांवर चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. तिला रडू येत नव्हतं, ती नुसती चोळत होती आणि मी खोटं बोलले, मी खोटं बोलले, असं म्हणत होती. बऱ्याच वेळाने जबडा सैल पडला. मग चमच्याने एक घोट, मग दुसरा. रुद्राणीच्या डोळ्यांत ओळख परत आली तेव्हा तिने आईकडे बघितलं नाही, मान वळवून आधी दिव्याकडे बघितलं. दिवा लालच होता, सकाळपासून.

दुसऱ्या दिवशी शिवलीला, मल्लिनाथ आणि रुद्राणी केंद्रात डॉक्टर रणदिवेंपुढे बसले होते. भांडायचं ठरवून आली होती शिवलीला, पण खुर्चीत बसल्यावर तिने बोलणं मल्लिनाथवर सोपवलं. रणदिवेंनी झालेलं सगळं मल्लिनाथकडून ऐकून घेतलं, घराचे आकडे काढले आणि कपाळाला आठ्या घातल्या. एवढा आकडा यायला घरात रोज बादलीभर सरबत प्यायला हवं, त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, खरं सांगा ताई, घरात रोज काय खाता? अगदी सगळं.

शिवलीलाने मल्लिनाथकडे बघितलं. तो खाली बघत होता. सासूचा शब्द अजून आड येत होता, पण कालची दातखिळी डोळ्यांपुढे होती.

“तुकडे खातो,” ती म्हणाली. “तुटलेल्या भाकरीचे. ज्वारीच्या. सकाळी, दुपारी, रात्री. लाज वाटली म्हणून त्या बाईला सांगितलं नाही.”

रणदिवेंचा हात टेबलावर तसाच थांबला. ज्वारी ही उसाची सख्खी भावकी आहे, त्यांनी सांगितलं, हवेतून कार्बन घ्यायची दोघांची रीत एकच. बाजरी आणि मकाही त्यातलेच. श्वासावरून यंत्राला ऊस आणि ज्वारी वेगळे ओळखता येत नाहीत. हे आम्हाला माहीत होतं, म्हणून तर भाकरीची वजावट ठेवली होती. जे घर जेवढी सांगेल तेवढी. तुमच्या घरापुढे शून्य आहे.

“म्हणजे आम्ही गोड सोडून भाकरी वाढवली,” मल्लिनाथ सावकाश म्हणाला, “आणि यंत्राला वाटलं आम्ही साखर वाढवली. चोर सोडून संन्याशाला फाशी की हो, मॅडम.”

रणदिवे उठून खिडकीशी गेल्या. खाली पेठ पसरली होती आणि कितीतरी परसांतून भाकरीच्या चुलींचा धूर वर येत होता. या भागात लाल घरं इतकी का, हा प्रश्न त्यांना गेले काही महिने पडला होता, आणि त्यांनी वर कळवलं होतं की इथल्या लोकांना गोडाचं व्यसन आहे, इथे दर वाढवावा. शिवलीलाला तो धूर दिसत होता. प्रत्येक घरात पिठाचा रिकामा डबा, डब्यात तुकडे, आणि प्रत्येकीने त्या कुर्तेवाल्या मुलीपुढे चपाती ठेवलेली. त्यांतल्या किती घरांत आज कोण कोणाच्या तोंडाचा वास घेतंय, कोणाचं औषध थांबलंय, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. रणदिवेंनीही सांगितलं नाही.

कोनापुऱ्यांचा आकडा आठवड्यात दुरुस्त झाला. दिवा हिरवा झाला, इन्शुलिनची सवलत परत आली, दंडावर नवा सेन्सर चिकटला, सुईचा हिशेबही डॉक्टरांनी भाकरीवर बसवून दिला. कल्लप्पाचा परवाना रणदिवेंच्या शब्दाने वाचला आणि शिवलीला त्याच्या पाया पडून आली. तिने साखरेचा डबा घासूनपुसून पुन्हा फळीवर ठेवला, सगळ्यांत खालच्या, हाताशी येईल असा, आणि झाकण मुद्दाम सैल ठेवलं. घर पुन्हा पूर्वीसारखं होईल असं तिला वाटलं. मल्लिनाथ कधीमधी उंबऱ्यात उभं राहून विनोदाने आ करायचा आणि ती त्याला पिठाचा हात दाखवायची.

एका दुपारी ती परसात भाकरी थापत होती. आतून सेन्सरचा आवाज आला. तिने थापता थापताच हाक दिली, रुद्रे, साखर घे गं. आवाज थांबेना. डब्याचं झाकण वाजल्याचंही ऐकू येईना. शिवलीलाने तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि आत धावली.

रुद्राणी फळीसमोर उभी होती. घाम फुटला होता, हात थरथरत होते, साखरेचा डबा तिच्या पोटाशी होता आणि ती वर दिव्याकडे बघत होती. दिवा हिरवा होता. आई आलेली दिसताच तिने डबा पुढे केला, झाकणाला हात न लावता.

“आई,” तिने विचारलं, “आज सोमवार नाही ना?”